लोकलच्या खिडकीतलं लेण्यांचं खोरं!

हिमालयात त्सुम नावाचं एक खोरं आहे. नेपाळच्या गोरखा जिल्ह्यात. दोन्ही बाजूंना बर्फाचे डोंगर, मधून खळाळणारी नदी आणि नदीच्या कडेकडेनं जाणारी पायवाट. जगभरातून माणसं पाठीवर पिशव्या लटकवून तिथे चालायला येतात.

तिथले लोक हे सगळं खोरंच पवित्र मानतात. इतकं पवित्र, की तिथे कुणी प्राण्यांची शिकार करत नाही! वाटेत जागोजागी दगडी स्तूप लागतात. स्तूप म्हणजे बौद्धांची घुमटासारखी पवित्र वास्तू. स्तूप आला की तो उजव्या हाताला ठेवायचा आणि पुढे जायचं. आपण देवळात प्रदक्षिणा घालतो ना, अगदी तस्संच.

भारी वाटतंय ना? पण तिथे जायचं म्हणजे किती लांब! आधी काठमांडू, मग गाडीचा खडखडाट, मग कितीतरी दिवसांची पायपीट.

आता ओळख पाहू! डोंगराडोंगरात स्तूप असलेलं असंच एक खोरं पिंपरी-चिंचवडच्या जवळ असेल का?

आहे! आणि तिथे जायला विमान नको, गाईड नको. चिंचवड स्टेशनवरून लोणावळ्याची लोकल पकडायची, बस्स! आकुर्डी, देहूरोड, बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली. ही नावं तर तुला पाठच असतील. पण या स्टेशनांच्या आजूबाजूच्या डोंगरांच्या पोटात दोन हजार वर्षांपूर्वीचे दगडी महाल लपलेत, हे माहीत होतं का?

या भागाला म्हणतात मावळ. इथे दोन नद्या शेजारी शेजारी वाहतात. एक इंद्रायणी, एक पवना. हो हो, तीच पवना, जिचं पाणी तुमच्या नळाला येतं! दोघींच्या मध्ये डोंगरांची रांग आहे. भाजे आणि बेडसे ही लेणी त्या रांगेत आहेत. कार्ले मात्र इंद्रायणीच्या पलीकडच्या डोंगरात.

चल तर मग, खिडकीतली जागा पकड!

पहिला डोंगर फार लवकर येतो. देहूरोड सोडलं की थोड्याच वेळात घोरावडेश्वराचा डोंगर दिसतो. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला तो अगदी खेटून उभा आहे. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला तुझ्या घरचे कुणी ना कुणी तिथे गेलेले असणारच. वर गुहेत महादेवाची पिंड आहे. पण ती गुहा मुळात आहे बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेलं लेणं! आजूबाजूला आणखी लेणी आहेत, भिक्खूंच्या राहण्याच्या लहान लहान खोल्या आहेत.

आणि इथे एक गंमत आहे. इथल्या दगडावर एक नाव कोरलेलं आहे. कुणाचं असेल? राजाचं? राणीचं? सेनापतीचं?

छे! एका शेतकऱ्याच्या बायकोचं!

तिचं नाव सिअगुतनिका. नवऱ्याचं नाव उसभणक. तो नांगर धरणारा साधा शेतकरी. मुलाचं नाव नंद. राहणार धेनुकाकट. या बाईनं मुलाला बरोबर घेऊन भिक्खूंसाठी दान दिलं आणि ते दगडावर लिहून ठेवलं गेलं. तिचा चेहरा आपल्याला माहीत नाही. तिचं शेत कुठे होतं, त्यात काय पिकायचं, काही म्हणजे काही माहीत नाही. पण तिचं नाव मात्र आपण आज वाचू शकतो! मला ही सिअगुतनिका फार आवडते. इतिहासाच्या पुस्तकात राजे भरपूर भेटतात. नांगरामागे चालणाऱ्याच्या घरातली बाई क्वचितच भेटते.

तिच्या गावाचं नाव नीट लक्षात ठेव हं. धेनुकाकट. ते पुन्हा भेटणार आहे!

आता तू विचारशील, डोंगरात घरं कोरायचा एवढा खटाटोप कशाला? विटा नव्हत्या? लाकूड नव्हतं?

होतं की! पण आधी पाऊस समजून घेऊ. पुणे-पिंपरीच्या बाजूला वर्षभरात साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे सगळं पाणी जमिनीवर तसंच साठलं, तर ते तुझ्या कमरेच्या आसपास येईल. आणि लोणावळ्याला? चार मीटरच्या आसपास! तुझ्या घराचं छप्परसुद्धा पाण्याखाली! तेही लोकलनं दीड तासाच्याही आतल्या अंतरावर. कारण समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडतात, वर चढतात, गार होतात आणि तिथेच धो धो कोसळतात. डोंगराच्या पूर्वेला येईपर्यंत ते बिचारे निम्म्याहून जास्त रिकामे झालेले असतात.

बौद्ध भिक्खू एरवी गावोगाव फिरायचे. पावसाळ्यात मात्र एका जागी मुक्काम करायचा, असा त्यांचा नियम होता. त्याला वर्षावास म्हणतात. पावसात रानभर नवे कोंभ उगवतात, किडेमुंग्या बाहेर पडतात. चालताना ते पायाखाली येऊ नयेत म्हणून थांबायचं! आहे की नाही गोड नियम? मग मावळातल्या असल्या पावसात तीन महिने राहायचं तर छप्पर कसलं हवं? न गळणारं, न उडणारं. डोंगराइतकं पक्कं छप्पर दुसरं कुठलं?

दुसरं कारण म्हणजे रस्ता. तेव्हा कल्याण आणि सोपारा ही मोठी बंदरं होती. तिथे दूरदूरच्या देशांतून जहाजं यायची. माल उतरायचा, बैलांच्या पाठीवर चढायचा आणि घाट चढून जुन्नर, पैठण, तेरकडे निघायचा. बोरघाट ही त्यातलीच एक वाट. बैल गेले, १८६३ साली याच घाटातून आगगाडी चढली, २००२ साली एक्सप्रेसवे झाला. आज चाकणच्या कारखान्यात बनलेल्या गाड्या ट्रेलरवर बसून याच घाटानं मुंबईकडे उतरतात. दोन हजार वर्षं झाली तरी हा रस्ता काही रिकामा राहत नाही!

जिथे व्यापारी, तिथे दान. जिथे दान, तिथे लेणी. वाटसरूला वाटेत मुक्काम, पाणी आणि दोन चांगले शब्द मिळायचे.

मळवली आलं! उतर, उतर, इथे गाडी फार थांबत नाही.

मळवलीची गंमत म्हणजे स्टेशनच्या एका बाजूला कार्ल्याचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला भाज्याचा. आपण आधी भाज्याला जाऊ, कारण ते वयानं मोठं आहे. सुमारे २२०० वर्षांचं! गावातून पायऱ्या चढत जायचं. पावसाळ्यात तिथे एक झकास धबधबा कोसळत असतो. वर मान केली की लोहगड आणि विसापूर हे दोन किल्ले राखण करताना दिसतात. पण तू या लेण्यापाशी थांब.

समोर दिसेल एक भलीमोठी कमान. पिंपळाच्या पानासारखी, वर टोक काढलेली. आत लांबलचक दालन. दोन्ही बाजूंना आठ पैलूंचे खांब. मोज बघू किती. सत्तावीस! आणि अगदी शेवटी, दगडातच कोरलेला गोल गरगरीत स्तूप. अशा दालनाला चैत्यगृह म्हणतात.

सांग पाहू, हे सगळं कसं बांधलं असेल?

इथेच तर फसगत होते! हे बांधलेलंच नाही. इथे एकावर एक काहीही रचलेलं नाही. खांब, भिंती, स्तूप, सगळा एकच दगड! जो नको होता तो दगड काढून टाकला आणि उरलं ते लेणं.

घरी साबणाची एक वडी घे आणि कंपासपेटीतलं कर्कटक. आता वडीच्या आत एक खोली कोरायची. खोलीच्या मधोमध एक बारीक खांब उभा ठेवायचा. करून बघ! खांब हमखास मोडेल. आणि मोडला की? चिकटवता येत नाही. वडी बदलावी लागते. पण त्या कारागिरांना डोंगर कुठे बदलता येणार होता? भाज्याला सत्तावीस खांब, आणि प्रत्येक खांब आधी दगडात 'बघून' मगच मोकळा करायचा. हातात छिन्नी आणि हातोडा, बाकी काही नाही!

त्यातून दगड कसला? बसाल्ट. आपला काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून लाव्हा उसळला, थरावर थर पसरला आणि थंड होऊन सह्याद्री तयार झाला. तेव्हा पृथ्वीवर डायनासोर होते, बरं का! हा दगड इतका जड, की एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच ठोकळ्याचं वजन जवळजवळ ३ टन भरतं. चाकणला कंपनीच्या बाहेर उभ्या असलेल्या लहान मोटारींपैकी तीन मोटारी दाबून त्या ठोकळ्यात बसवल्या, असं समज. आणि असे शेकडो ठोकळे कोरून बाहेर काढले, तेव्हा एक लेणं झालं!

मग सुरुवात कुठून केली असेल? खालून? दारातून?

वरून! आधी छत! महाराष्ट्रात काही लेणी अर्धवट राहिली आहेत. त्यांच्यात हे स्पष्ट दिसतं. वरचं छत घोटून तयार, आणि खाली अजून नुसता डोंगर. का बरं असं?

विचार कर. छताचं काम करायला उंच उभं राहावं लागतं. इमारतीत त्यासाठी बांबूची परांची बांधतात. पण वरून सुरुवात केली की न कोरलेला दगडच पायाखाली असतो. त्याच्यावर उभं राहा आणि छत कोरा. छत झालं की पायाखालचा दगड फोडत खाली खाली या. परांची नको, शिडी नको! जमिनीपर्यंत पोचलं की काम संपलं. काय डोकं चालवलंय!

आता भाज्याची माझी सगळ्यात आवडती गोष्ट. ते खांब नीट बघ. सरळ उभे आहेत का? नाहीत! सगळे आतल्या बाजूला झुकलेले आहेत. चूक झाली म्हणावं, तर सगळेच्या सगळे सारखेच कसे झुकतील?

त्याचं उत्तर तुझ्या दप्तरात आहे. प्लॅस्टिकची लांब पट्टी काढ. दोन्ही टोकं टेबलावर टेकव आणि मधून ती कमानीसारखी वर वाकव. टोकांवरचा हात सोडलास की काय होतं? सट्कन टोकं बाहेर पळतात! लाकडाच्या कमानदार छपराचंही तसंच असतं. ते खांबांना सतत बाहेर ढकलत राहतं. म्हणून जुने सुतार खांब मुद्दाम आत झुकवून रोवायचे. छप्पर बाहेर ढकलणार, खांब आत रेटणार, झाली बरोबरी!

पण थांब! हे छप्पर तर डोंगराचं आहे. ते कुणालाच ढकलत नाही. मग खांब का झुकवले?

कारण कारागिरांच्या डोळ्यांसमोर लाकडाची चैत्यगृहं होती! तेव्हा अशी दालनं लाकडात बांधत. लाकूड कुजलं, जळलं, ती सगळी नाहीशी झाली. पण त्यांची हुबेहूब नक्कल दगडात राहिली. लाकडाचे झुकलेले खांब दगडातही झुकले! म्हणजे भाज्याच्या लेण्यात तू दगड बघतच नाहीस. तू बघत आहेस एक हरवलेलं लाकडी घर.

आणि आता मान वर कर. छताला जहाजाच्या फासळ्यांसारख्या कमानी दिसतील. हात लावता आला असता तर कळलं असतं, त्या दगडाच्या नाहीतच. खऱ्याखुऱ्या लाकडाच्या आहेत! दगडी छताला आधार म्हणून त्यांचा काहीएक उपयोग नाही. डोंगर का लाकडाच्या टेकूवर उभा राहतो? तरी त्या लावल्या, कारण त्यांच्यावाचून ते दालन त्यांना दालन वाटलं नसणार! यातल्या काही फासळ्या अगदी पहिल्यापासूनच्या आहेत. कशावरून? लाकडावर ब्राह्मी लिपीत अक्षरं कोरलेली सापडली आहेत. अक्षरांच्या वळणावरून त्यांचं वय कळतं, आणि ते निघतं दोन हजार वर्षांहून जास्त! पाऊस तिथवर पोचत नाही, ऊन पोचत नाही. लाकूड टिकलं.

लेण्याच्या बाहेर एका बाजूला लहानमोठ्या चौदा स्तूपांची ओळ आहे. ती बघ आणि मग पार टोकाच्या लेण्यांकडे जा. तिथल्या कोरीव कामात दोन जोडलेले उभे ढोल हातांनी वाजवणारी एक बाई सापडेल. शेजारी नाचणारी दुसरी. हो, अगदी तबल्यासारखे! तबल्याच्या क्लासला जाणारं कुणी बरोबर असेल तर त्याला हे आधी दाखव.

तहान लागली? त्या लोकांनाही लागायची. म्हणून त्यांनी दगडात पाण्याची टाकी कोरली. पावसाचं पाणी वळवून त्यांत साठवायचं. दगडाच्या पोटात ऊन शिरत नाही, म्हणून पाणी गारेगार! वीज नाही, पंप नाही, फ्रीज नाही.

आता रूळ ओलांडून कार्ल्याला.

कार्ल्याच्या पायऱ्या चढताना नारळ, पेढे, हळद-कुंकवाची दुकानं लागतात, कारण वर एकवीरा आईचं देऊळ आहे. कोकणातून कोळी बांधव पालख्या घेऊन येतात आणि डोंगर दणाणून जातो. हे देऊळ नेमकं चैत्यगृहाच्या तोंडाशी आहे. एका अंगणात आई आणि स्तूप, दोघं! गर्दी देवळाकडे वळते. तू दर्शन घे आणि मग दोन पावलं पुढे जा.

आणि आ वासून बघत राहा!

भारतातलं हे दगडात कोरलेलं सगळ्यात मोठं चैत्यगृह आहे. उंची सुमारे १४ मीटर. म्हणजे चार मजली इमारत! दारापाशी दोन्ही बाजूंना मोठमोठे हत्ती उभे आहेत. त्यांच्या तोंडाजवळ भोकं दिसतील. तिथे खरे हस्तिदंत बसवले असणार, असं अभ्यासक सांगतात. अंगणात एक उंच खांब आहे, त्याच्या डोक्यावर चार सिंह. आत सदतीस खांब. पुढच्या खांबांची बैठक नीट बघ. प्रत्येक खांब एका माठात उभा आहे! दगडाच्या माठात. हीसुद्धा लाकडी खांबांचीच आठवण. आणि खांबांच्या माथ्यावर गुडघे टेकून बसलेले हत्ती, त्यांच्यावर बसलेली माणसं. बाजूच्या अरुंद वाटेत शिरून मागून बघशील तर हत्तींच्या जागी घोडे! समोरून हत्ती, मागून घोडे. अगदी कोपऱ्यात जाऊन कोण बघणार, म्हणून कारागिरांनी तिथे हात आखडला नाही.

स्तूपावर एक छत्री आहे. तीही लाकडाची. तीही जुनी, मूळची! आपल्या छत्र्या एका पावसाळ्यात उलट्या होतात, आणि ही दोन हजार वर्षं उभी!

पण कार्ल्याचा खरा खजिना आहे खांबांवर आणि भिंतींवर. तिथे बारीक अक्षरं आहेत. कितीतरी नावं! जणू सगळ्यांनी वर्गणी काढून हे लेणं कोरून घेतलंय. वर्गणीची पावती दगडावर!

सामि नावाचा सुतार होता. वेणुवासाचा मुलगा. त्यानं दाराचं काम केलं. सिंहदत नावाचा अत्तरवाला होता. त्यानंही एक दार दिलं. सोपाऱ्याहून आलेल्या सातिमित नावाच्या भिक्खूनं एक खांब दिला, आणि त्यात पवित्र अवशेष ठेवण्यासाठी पोकळी केली! खांबाच्या पोटात गुप्त कप्पा! भिक्खुणींची नावं आहेत. सिंहस्तंभ देणारा अग्निमित्रणक नावाचा मोठा सरदार आहे. कर्नाटकातल्या वैजयंतीचा भूतपाल नावाचा शेठजी आहे. त्यानं तर लिहून ठेवलं, की हे शैलगृह सगळ्या जंबुद्वीपात उत्तम आहे! जंबुद्वीप म्हणजे तेव्हाचा भारत. शेठजींना आपल्या कामाचा अभिमान होता आणि तो अगदी रास्त होता.

यवनसुद्धा आहेत! यवन म्हणजे ग्रीक देशाकडून आलेले लोक किंवा त्यांचे वंशज. सिहधय नावाच्या एका यवनानं इथे खांब दिला. समुद्रापलीकडच्या माणसांचं नाव मावळातल्या डोंगरात!

आता सुतार सामि कुठला? धेनुकाकटचा! अत्तरवाला कुठला? धेनुकाकटचा! यवन कुठले? धेनुकाकटचे! आपली घोरावडेश्वराची सिअगुतनिका? तीही धेनुकाकटचीच!

म्हणजे एकाच गावात शेतकरी, सुतार, अत्तरवाले आणि परदेशातून आलेले लोक राहत होते. केवढं गजबजलेलं गाव असेल ते! मग आज ते कुठे आहे? हेच तर कोडं आहे. अभ्यासक त्यावर अजून वाद घालतात. कुणी म्हणतं, इथेच जवळपास असणार. कुणी म्हणतं, लांब कुठेतरी. तू मोठेपणी शोधणार का?

ही अक्षरं आपल्याला वाचता कशी येतात, त्याचीही गोष्ट आहे. ब्राह्मी लिपी लोक पार विसरून गेले होते. मग जेम्स प्रिन्सेप नावाचा इंग्रज अधिकारी तिच्या मागे लागला. तो कोलकात्याच्या टांकसाळीत काम करायचा. सांचीच्या स्तूपावरचे लहान लहान लेख त्यानं समोर ठेवले. त्यांच्या शेवटी तीच ती दोन अक्षरं पुन्हा पुन्हा येत होती. त्यानं ओळखलं, लोकांनी दगड दान दिलेत, मग शेवटी 'दानं' असेल! आणि कुलूप उघडलं! १८३७ साली. कार्ल्याचे कितीतरी लेखही 'दानं' याच शब्दानं संपतात.

तुलाही थोडं वाचता येईल. ब्राह्मीतला 'क' म्हणजे बेरजेचं चिन्ह. 'ठ' म्हणजे गोल शून्य. 'ग' म्हणजे घराचं उतरतं छप्पर. बस्स, खांबांवर बेरजेची चिन्हं शोधायला लाग! बोट मात्र लावू नकोस हं, अक्षरं झिजतात. आणि वर कड्याला मधमाश्यांची पोळी असतात, तेव्हा आरडाओरडा नको, धूर तर मुळीच नको.

पाय दुखत नसतील तर एक दिवस बेडश्यालाही जा. तिकडे कामशेतवरून पवनेच्या बाजूला जावं लागतं. तिथे गर्दी जवळजवळ नसते. दोन दगडांच्या अरुंद बोळातून आत शिरलं की अचानक प्रचंड खांब समोर येतात, आणि वर घोडे, हत्ती, बैल, त्यांच्यावर बसलेले स्त्री-पुरुष. इतके जिवंत, की घोडा आता मान हलवेल असं वाटतं! इथेही एक नाव आहे. नाशिकच्या आनंद शेठजींचा मुलगा, पुसणक. शेजारी भिक्खूंचं राहण्याचं दालन आहे. त्याचं छत कमानदार आणि मागची भिंत गोल. असं दालन दुसरीकडे सहसा बघायला मिळत नाही.

आणि चाकणच्या मुलांनो, तुम्ही रुसू नका! तुमच्या कारखान्यांच्या मागेच भामचंद्राचा डोंगर आहे, त्यातही लेणी आहेत. साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी देहूचे तुकोबा एकांतासाठी कुठे जाऊन बसायचे? भामचंद्रावर, भंडाऱ्यावर आणि घोरावडेश्वरावर! भिक्खूंनी शांत जागा म्हणून निवडलेले डोंगर तुकोबांनाही आवडले.

येताना लोकल पुन्हा देहूरोडला थांबेल. इथे उतरायचंच! का? कारण या खोऱ्याची गोष्ट दोन हजार वर्षांपूर्वी संपली नाही.

लेणी झाली, राजे बदलले, भिक्खू गेले, स्तूपांवर धूळ साचली. कितीतरी शतकं. आणि मग २५ डिसेंबर १९५४ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर देहूरोडला आले. त्यांनी इथल्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना केली. मूर्ती कुठून आली होती ठाऊक आहे? थेट ब्रह्मदेशातल्या रंगूनहून! त्यानंतर दोन वर्षांच्या आत, १४ ऑक्टोबर १९५६ ला, त्यांनी नागपूरला लाखो लोकांबरोबर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. म्हणजे देहूरोडची मूर्ती त्याआधीची!

ही मूर्ती बघायला डोंगर चढावा लागत नाही. स्टेशनवरून चालत जाता येतं. दर वर्षी २५ डिसेंबरला इथे गावोगावचे लोक येतात. पांढरे कपडे, निळे झेंडे, पुस्तकांचे स्टॉल आणि लहान मुलांची ही गर्दी! त्या दिवशी शाळेला सुट्टीच असते. आईबाबांना आत्ताच सांगून ठेव, आणि जाताना ब्राह्मीतला 'क' एका कागदावर काढून घेऊन जा. तिथे कुणालातरी नक्की दाखवता येईल!